दुकानातला बारकोड पैसे नेमके कुठे वाचवतो?

बिस्किटाच्या पुड्यावरच्या काळ्या रेघांमध्ये किंमत भरलेली असते, असं पुष्कळ दुकानदारांनाही वाटतं. तशी ती नसते. त्या रेघांमध्ये असतो फक्त एक आकडा, बहुतेक वेळा तेरा अंकी. किंमत नाही, कंपनीचं नाव नाही, मुदत संपायची तारीखही नाही. रेघांखाली छापलेला दिसतो तोच आकडा रेघांमध्ये असतो. रेघा यंत्रासाठी, आणि यंत्र रुसलं तर हाताने टाकता यावा म्हणून खालचा आकडा माणसासाठी.

गाडीची नंबर प्लेट आठवा. एमएच २४ वाचून गाडी लातूरची एवढं कळतं. मालक कोण, विमा भरला आहे का, हे आरटीओच्या दप्तरात असतं. इथेही आकडा पाकिटावर आणि बाकीची सगळी माहिती तुमच्या कॉम्प्युटरमध्ये. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा पुड्यांवरचे बारकोड जिथल्या तिथे राहिले. ज्याच्याकडे मालाची यादी कॉम्प्युटरमध्ये नीट होती, त्याला फक्त दर बदलायचे होते.

हे आधी सांगायचं कारण असं, की स्कॅनर विकणारा माणूस ‘बिलं पटापट होतील, पैसे वाचतील’ असं सांगून यंत्र गळ्यात मारतो. बिलं पटापट होतात हे खरं. पण जालन्याच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात तुमच्या काउंटरवर एका वेळी दोनच गिऱ्हाइकं उभी असतील, तर बिलामागे वाचलेल्या अर्ध्या मिनिटाचे पैसे होत नाहीत. पैसे वाचतात ते मागच्या खोलीत, रॅकवर आणि गोदामात. तेही माल आत येतानाची नोंद बाहेर जातानाच्या नोंदीइतकीच काटेकोर ठेवली तर.

तेरा अंकांत काय असतं

आपल्याकडच्या बहुतेक वस्तूंवरचा आकडा ८९० ने सुरू होतो. ‘८९० म्हणजे भारतात बनलेला माल’ असा निरोप व्हॉट्सॲपवर दर दिवाळीला फिरतो आणि तो चुकीचा आहे. ८९० एवढंच सांगतं, की हा क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतला आहे. माल कुठे बनला याच्याशी त्याचा संबंध नाही. ८९० नंतर कंपनीची ओळख सांगणारे अंक येतात, मग कंपनीने त्या वस्तूला दिलेला क्रमांक, आणि शेवटी एक पडताळणीचा अंक.

हा शेवटचा अंक मोठा उपयोगी आहे. समजा पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ आहेत. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक घेऊन बेरीज करा: २८. उरलेल्या सहा अंकांची बेरीज ३४, तिला तीनने गुणा: १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दहाच्या पटीला पोचायला किती कमी पडतात तो शेवटचा अंक. १३० दहाच्याच पटीत आहे, म्हणून शेवटचा अंक शून्य. स्कॅनर प्रत्येक वेळी हे गणित करतो आणि जुळलं तरच ‘बीप’ देतो. एखादाच अंक चुकला असेल तर हमखास पकडला जातो. शेजारचे दोन अंक उलटे पडले तरी बहुतेकदा पकडले जातात. ज्यांच्यात पाचाचा फरक आहे ते मात्र निसटतात, म्हणजे १६ च्या जागी ६१ टाकलं तर बेरीज तरीही जुळते.

आता आपली नेहमीची रीत पाहा. मार्चअखेरीला एकजण रॅकपाशी उभा राहून आकडे ओरडतो, दुसरा वहीत लिहितो. पंखा चालू, बाहेर टेम्पोचा हॉर्न. एकोणसत्तर म्हणाला की एकोणऐंशी? तिथे पडताळणीचा अंक नसतो.

बारकोडची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांना १९५२ मध्ये तिचं पेटंट मिळालं. तारायंत्राच्या मोर्स कोडमधले टिंब आणि डॅश खाली ओढून लांब केले तर, असं वुडलँडला सुचलं होतं. पण वाचणारा लेझर आणि परवडणारा कॉम्प्युटर यायला वेळ लागला. ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं पाकीट स्कॅन झालं ते २६ जून १९७४ रोजी.

वाचण्याची क्रिया सोपी आहे. स्कॅनर साधारणपणे लाल प्रकाश टाकतो. पांढऱ्या पट्टीवरून तो परत येतो, काळ्या रेघेत जिरतो. कुठे किती रुंदीची रेघ आणि किती रुंदीची फट, यावरून एकेक अंक ओळखला जातो. डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागातले अंक वेगळ्या पद्धतीने आखलेले असल्याने पाकीट उलटं धरलं तरी चालतं. यातूनच एक गंमत निघते: रेघा लाल रंगात छापल्या तर स्कॅनरला त्या दिसतच नाहीत, कारण लाल प्रकाशात लाल रेघ आणि पांढरा कागद सारखेच. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमधून हौसेने लाल-पिवळं लेबल करून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

स्कॅनर म्हणजे एक वेगवान कीबोर्ड

यूएसबीचा साधा स्कॅनर लॅपटॉपला जोडला की लॅपटॉप त्याला कीबोर्डच समजतो. रेघा वाचायच्या, आकडा टाईप करायचा, एंटर दाबायचं, एवढंच त्याचं काम. म्हणजे महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी एक्सेलच्या रकान्यात कर्सर ठेवून स्कॅन केलं की आकडा तिथे उमटतो. छोट्या दुकानदाराने पहिला महिना एक्सेलवरच काढावा, असं माझं मत आहे. आपल्याला नक्की काय नोंदवायचं आहे ते त्यातून कळतं, आणि मग सॉफ्टवेअरवाल्याला नेमके प्रश्न विचारता येतात.

तारेचा साधा स्कॅनर साधारण दीड-दोन हजारांपासून मिळतो. फक्त उभ्या रेघा वाचणारा घ्यायचा की चौकोनी क्यूआरही वाचणारा, यात थोडे जास्त पैसे गेले तरी दुसराच घ्या. २०२७ च्या अखेरपर्यंत जगभरच्या दुकानांतल्या यंत्रांनी चौकोनी कोडही वाचावेत, असा जीएस१ चा प्रयत्न चालू आहे. शिवाय औषधांच्या ३०० ठरावीक ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे, आणि बियाण्याच्या पिशव्यांवर केंद्राच्या ‘साथी’ या बियाण्याचा माग ठेवणाऱ्या पोर्टलचा क्यूआर येऊ लागला आहे. बोगस बियाण्याने पोळलेल्या आपल्या भागात हा कोड वाचता येणं कृषी सेवा केंद्रवाल्याची पत राखण्याचा भाग आहे.

पैसे गळतात ती जागा

समजा, परभणीच्या मोंढ्यात एक हार्डवेअरचं दुकान आहे. तीन हजार प्रकारच्या वस्तू, अंदाजे बारा लाखांचा माल, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे माल भरायला घेतलेलं कर्ज) ११ टक्क्यांनी. मालक हुशार आहे, पन्नास टक्के माल त्याला पाठ आहे. उरलेल्या पन्नास टक्क्यांत काय चाललंय?

एखादा नळाचा प्रकार तीन वर्षांपूर्वी आणला होता, तो वरच्या फळीवर तसाच पडून आहे. असा न हललेला माल दोन लाखांचा निघाला, तर त्यावर वर्षाला बावीस हजार रुपये व्याज जातंय. दुकान तेवढं भाडं भरतंय म्हणा ना, आणि तेही न दिसणारं. बारकोडची नोंद सहा महिने नीट झाली की ‘गेल्या १८० दिवसांत एकदाही न विकलेला माल’ अशी यादी एका बटणावर निघते. ही यादी पाहून बहुतेक मालक आधी मानतच नाहीत. मग फळीवर चढून बघतात.

दुसरी गळती याच्या उलट. अर्धा इंची एल्बो गोदामात दोन पेट्या असताना ‘संपली’ म्हणून तिसरी मागवली जाते, आणि ज्या मापाचा व्हॉल्व रोज जातो तो नेमका लग्नसराईच्या आणि घरबांधणीच्या दिवसांत संपतो. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं आणि तिथूनच बाकीचंही घेतं. अमुक माल दहाच्या खाली आला की कळव, असा आकडा प्रत्येक वस्तूपुढे घालून ठेवता येतो. तो कामाच्या पहिल्या दोनशे वस्तूंना घातला तरी पुरे.

तिसरी गळती ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून माल उतरतानाच होते. बिलावर पन्नास नग, आले अठ्ठेचाळीस. हमालाला घाई, तुम्ही काउंटरवर, मुलगा सही करून मोकळा. दोन नग गेले ते गेले. माल उतरतानाच प्रत्येक खोका स्कॅन करून बिलाशी ताडला तर तूट त्याच दिवशी दिसते आणि त्याच दिवशी फोन करता येतो. आठवड्याने केलेल्या तक्रारीला ठोक व्यापारी विचारत नाही.

माझ्या मते सगळ्या बारकोड-प्रकरणात सगळ्यात मोलाचं काम हेच, आवक स्कॅन करणं. आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही हेच, कारण तिथे गिऱ्हाईक उभं नसतं. विक्री स्कॅन होते पण आवक ‘रात्री टाकू’ म्हणून राहते. आठवड्याभरात कॉम्प्युटर सांगतो की अमुक वस्तू उणे सात नग शिल्लक आहे. एकदा असा उणे आकडा दिसला की मालकाचा यंत्रावरचा विश्वास उडतो, आणि दोन महिन्यांत स्कॅनर ड्रॉवरमध्ये जातो.

आकडे न जुळण्याचं आणखी एक कारण नाजूक आहे. घरी नेलेला साबण, मेहुण्याच्या बांधकामाला दिलेल्या दोन टाक्या, शेतात नेलेली पाईपची गुंडाळी, ‘आपलंच आहे’ म्हणून याची नोंद कोणी करत नाही. ‘घरखर्च’ नावाचं एक खातं उघडा आणि ते नेलेलंही स्कॅन करा. दुकानातली तूट नोकराच्या नावावर टाकण्याआधी हे खातं वाचलेलं बरं.

मेडिकल आणि कृषी सेवा केंद्रात सगळ्यात मोठी गळती मुदतीची. इथे एक गैरसमज लोकांना महागात पडतो. पाकिटावरच्या तेरा अंकी बारकोडमध्ये ना बॅच असते ना मुदतीची तारीख. एकाच कीटकनाशकाच्या २०२५ च्या आणि २०२६ च्या बाटलीवर आकडा एकच. म्हणून माल आत घेताना बॅच क्रमांक आणि मुदत हाताने टाकावी लागते, किंवा बॅचप्रमाणे स्वतःचा वेगळा स्टिकर लावावा लागतो. हे केलं तर ‘पुढच्या नव्वद दिवसांत मुदत संपणारा माल’ अशी यादी निघते आणि परत पाठवायची मुदत हातची जात नाही. केलं नाही तर स्कॅनर असून नसल्यासारखा.

असाच प्रकार एमआरपीचा. जुना माल ११० रुपये एमआरपीचा, नवा ९८ चा, बारकोड तोच. स्कॅन केलं की सॉफ्टवेअर विचारतं, यातला कुठला? गर्दीच्या वेळी काउंटरवरचा मुलगा नेहमी वरची ओळ निवडतो. मग एखाद्या दिवशी गिऱ्हाईक पुडा उलटा करून छापील एमआरपी दाखवतं आणि वाद होतो. यावर यंत्राचा इलाज नाही. निवडण्याआधी पुड्यावरची किंमत बघायची, हे त्या मुलाला शिकवावं लागतं.

बारकोड उधारीही वसूल करून देत नाही. कापसाचे पैसे आल्यावर देतो म्हणालेला शेतकरी कापूस विकल्यावरच देणार.

नावांचा गोंधळ

ज्या मालावर कंपनीचा बारकोड नाही, म्हणजे सुटे नट-बोल्ट, स्थानिक बादल्या, तयार कपडे, त्यांना तुम्हीच क्रमांक द्यायचा असतो. दुकानाच्या आत वापरायला कोणाची परवानगी लागत नाही, फी नाही. २० ते २९ ने सुरू होणारे आकडे अशाच अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. वजनकाट्यातून निघणारी मिठाईची किंवा सुक्यामेव्याची चिठ्ठी याच गटातली, आणि सुरुवातीला सांगितलेल्या नियमाला तेवढाच अपवाद: त्या आकड्यात वजन किंवा किंमत खरोखर भरलेली असते.

अडचण क्रमांकाची नसते, नावाची असते. मुनीम लिहितो ‘पाईप अर्धा इंच’, मालकाचा मुलगा लिहितो ‘अर्धा इंची पाईप’, आणि दिवाळीत मदतीला आलेला भाचा लिहितो ‘पीव्हीसी अर्धा’. कॉम्प्युटरच्या लेखी या तीन वेगळ्या वस्तू. साठा तिघांत विभागला जातो आणि एकही आकडा खरा राहत नाही. म्हणून नवी वस्तू यादीत घालण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा आणि नाव लिहायची पद्धत भिंतीवर चिकटवा: आधी वस्तू, मग माप, मग कंपनी, मग रंग. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचे सगळे हिशेब या यादीवर उभे राहतात.

कापडवाल्यांच्या दुकानात याचा आणखी एक फायदा. पूर्वी चिठ्ठीवर खरेदीभाव सांकेतिक अक्षरांत लिहायची रीत होती. ती अक्षरं मालकाला आणि जुन्या गुमास्त्यालाच ठाऊक. तो गुमास्ता लग्नसराईत चार दिवस गावाला गेला की दुकान आंधळं. टॅग स्कॅन केला की खरेदीभाव मालकाच्या स्क्रीनवर दिसतो आणि बाकीच्यांना दिसू द्यायचा की नाही ते ठरवता येतं. पैठणीसारख्या वस्तूत, जिथे प्रत्येक नग वेगळा, तिथे प्रत्येक साडीला स्वतंत्र क्रमांक द्यावा. विणकर, जरीचा प्रकार, आल्याची तारीख सगळं त्यामागे ठेवता येतं. स्टिकर मात्र रेशमावर चिकटवू नये, दोऱ्याने टॅग बांधावा.

स्टिकर आणि आपला उन्हाळा

स्टिकर छापायच्या दोन पद्धती आहेत आणि मराठवाड्यात हा फरक इतर ठिकाणांपेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो. पहिल्या पद्धतीत कागदच उष्णतेने काळा पडणारा असतो. शाई नाही, रिबन नाही, म्हणून स्वस्त. एटीएमची पावती असते तसा कागद. उष्णतेने काळा होणारा कागद पत्र्याच्या गोदामात, एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत काय करेल? तो हळूहळू करडा होतो, किंवा उन्हात ठेवला तर रेघा फिकट होत जातात. दोन्हीकडून स्कॅनरला रेघ आणि फट यांतला फरक कळेनासा होतो. दूध, ब्रेड, बेकरी अशा चार दिवसांत जाणाऱ्या मालाला हा कागद ठीक. वर्षभर रॅकवर राहणाऱ्या मालाला रिबनवाली पद्धत घ्या. त्यात मेणाचा किंवा रेझिनचा काळा थर कागदावर उतरतो आणि टिकतो. तेल-रसायन लागणारा माल असेल तर रेझिन. दोन्ही कामं करणारे प्रिंटर साधारण दहा-पंधरा हजारांत येतात, त्यामुळे यंत्र तेच ठेवून कागद-रिबन बदलता येते.

धुळीचंही बघावं लागतं. वसमतच्या हळदीच्या कारखान्यात किंवा जिनिंगजवळच्या दुकानात प्रिंटरच्या डोक्यावर, म्हणजे छपाई करणाऱ्या पट्टीवर, भुकटी बसते आणि छपाईत एक सरळ पांढरी रेघ उमटू लागते. प्रत्येक रोल बदलताना स्पिरिटच्या बोळ्याने डोकं पुसलं की ती जाते. तरी जात नसेल तर बारकोड नव्वद अंशांनी फिरवून छापा. मग ती पांढरी रेघ सगळ्या काळ्या रेघांना आडवी छेदते, एखादी रेघ पूर्ण खात नाही, आणि कोड वाचला जातो. नवं डोकं येईपर्यंत काम भागतं.

पाच रुपयांच्या वस्तूवर स्टिकर लावू नका. चिकटवणाऱ्याची मजुरी त्यातून निघत नाही. अशा वस्तूंचा एक तक्ता करून काउंटरवर ठेवायचा आणि त्यावरचा कोड स्कॅन करायचा.

बचत गट आणि गृहउद्योग: इथे मात्र नोंदणी लागते

आतापर्यंतचं सगळं स्वतःच्या दुकानापुरतं. तुमची हळद, येसर, काळा मसाला किंवा कुंथलगिरीचा पेढा दुसऱ्याच्या दुकानात, मॉलमध्ये किंवा ऑनलाइन विकायचा असेल, तर घरी बनवलेला आकडा चालत नाही, कारण त्याच आकड्याची दुसऱ्या कोणाची वस्तू त्या दुकानात असू शकते. त्यासाठी जीएस१ इंडियाकडे नोंदणी करावी लागते. फी उलाढालीवर ठरते. ‘आयुष्यभरासाठी बारकोड, काही शे रुपयांत’ अशा जाहिराती इंटरनेटवर दिसतात. ते बहुतेक दुसऱ्याच्या नावावरचे आकडे पुन्हा विकत असतात. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी आकडा जीएस१ च्या नोंदींशी ताडून पाहतात, आणि तिथे तुमच्या मसाल्यासमोर भलत्याच कंपनीचं नाव आलं तर यादीतून नाव जातं. छापलेली पाकिटं मग कशाच्याही कामाची नाहीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना या फीचा मोठा भाग परत देण्याच्या योजना केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाने राबवल्या आहेत. नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात चालू नियम विचारून घ्या.

हा बारकोड म्हणजे सरकारी मान्यता नव्हे. एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक वेगळा, पाकिटावर वजन, एमआरपी, तारीख, पत्ता छापायची सक्ती वेगळ्या नियमांची. शंभर ग्रॅम आणि दोनशे ग्रॅमच्या पाकिटाला वेगवेगळा आकडा लागतो. किंमत बदलली तरी आपल्याकडे बहुतेक कंपन्या आकडा तोच ठेवतात.

छपाईला देताना तीन गोष्टी सांभाळा. पूर्ण आकाराचा तेरा अंकी बारकोड सुमारे ३७ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर उंच असतो. तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, त्याखाली नको. दोन्ही बाजूंची कोरी जागा हाही बारकोडचाच भाग आहे, तिथे डिझायनरला फूल काढू देऊ नका. आणि पारदर्शक पिशवी असेल तर रेघांमागे पांढरा पट्टा छापून घ्या. हळदीच्या पिवळ्यावर काळ्या रेघा वाचल्या जातात, पण काळ्या मसाल्यावर काळ्या रेघा कोणाला दिसणार? तुपाच्या किंवा लोणच्याच्या अरुंद बाटलीवर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या लावा, म्हणजे गोलाईवर त्या वळत नाहीत. पाच हजार पाकिटं छापण्याआधी एक नमुना घेऊन ओळखीच्या दुकानात स्कॅन करून बघणं फुकट आहे.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या वर्कशॉपांबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथे बहुधा मोठी कंपनीच लेबल कसं हवं ते ठरवून देते. पण ट्रेवर पार्ट नंबर, नग आणि बॅचचा कोड लावला, आणि पाठवताना स्कॅन केला, तर सारखे दिसणारे दोन पार्ट एकमेकांच्या ट्रेमध्ये जाणं थांबतं. परत आलेल्या एका लॉटचं भाडं, पुन्हा तपासणीची मजुरी आणि वर डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी), एवढ्यात प्रिंटर येतो.

कोणी यात पडू नये, आणि पडायचं तर कधी

दोनशे वस्तूंचं किराणा दुकान, निम्मा माल सुटा, मालक स्वतः गल्ल्यावर. अशा दुकानाला बारकोडची गरज नाही. त्याने वहीच नीट ठेवावी. भाजी, आठवडी बाजारातला फिरता माल, यांनाही नको. ज्याच्याकडे हजारभर वस्तू आहेत, मुदतीचा माल आहे, किंवा ज्याच्या गैरहजेरीत दुसरा कोणी गल्ल्यावर बसतो, त्याने विचार करावा.

कॉम्प्युटर घेताना डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घ्या. वीज गेली तरी बॅटरीवर बिलिंग चालू राहतं, आणि स्कॅनर लॅपटॉपच्याच विजेवर चालतो. रोज रात्री नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ती घरी न्या, दुकानात ठेवू नका.

सुरुवात सगळ्या दुकानाची एकदम करू नये. एक रॅक घ्या, शक्यतो महाग आणि लहान वस्तूंचा. तो मोजा, यादीत घाला, आणि महिनाभर फक्त तेवढ्याच मालाची आवक-जावक स्कॅन करा. महिनाअखेर पुन्हा मोजा. कॉम्प्युटरचा आकडा आणि रॅकवरचा आकडा जुळला तर दुसरा रॅक घ्या; नाही जुळला तर आधी का ते शोधा. किराणावाल्याने दिवाळीनंतर, माल कमी असताना हे काढावं. कृषी सेवा केंद्रवाल्याला मार्च-एप्रिल बरा. जूनमध्ये पहिल्या पावसावर पंधरा शेतकरी बियाण्यासाठी काउंटरवर उभे असताना नव्या यंत्राशी झटत बसण्यात काही अर्थ नाही.